आबांच्या खांद्यावरचा हात

गावच्या घरात ओटा चढून आत गेलं की समोरच्या भिंतीवर आबांचा फोटो दिसतो. आबा म्हणजे माझे आजोबा. पांढरी टोपी जराशी उजवीकडे कललेली, गळ्याजवळचं बटण उघडं, नजर कॅमेऱ्याकडे नाहीच, बाजूला कुठेतरी लांब. आणि डाव्या खांद्यावर चार बोटं. दुसऱ्याच कुणाची तरी. मनगटाशी फोटो संपतो, त्यामुळे पुढचा माणूस कोण ते कळायला मार्ग नाही.

1994 च्या उन्हाळ्यात आबा गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा असा एकही फोटो घरात नव्हता. होता तो 1988 साली आत्याच्या लग्नात मांडवाच्या दारात काढलेला, दहा-बारा माणसांचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, तो घेऊन तालुक्याला गेले. स्टुडिओवाल्यानं आबांना त्यातून उचललं, मोठं केलं, मागचा मांडव ब्रशनं निळा करून टाकला. ‘हात काढायचा का?’ असंही विचारलं. पण त्याला आणखी चार दिवस लागणार होते आणि दहावं तर परवावर आलेलं. अण्णा म्हणाले, राहू द्या. तो राहिला.

मूळ फोटो आत्यासोबत सुरतेला परत गेला. आमच्या भागातल्या निम्म्या घरांचं कुणी ना कुणी सुरतेत असतंच. कापडाच्या कामानं तिकडे ओढलेली माणसं. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं, तापी शहरात शिरली आणि आत्याच्या तळमजल्यावरच्या कपाटात लग्नाचा अख्खा अल्बम चिखल होऊन बसला. आत्या अजून म्हणते, ‘आपल्याकडूनच वाहत गेलेलं पाणी, आणि आपलाच फोटो घेऊन गेलं.’ सांगायचं म्हणजे, तो हात कुणाचा हे पडताळून बघायला आता काही उरलेलं नाही.

लहानपणी मला त्या हाताची भीती वाटायची. चुलतभावानं सांगून ठेवलं होतं की तो यमाचा आहे, न्यायला आलाय. रात्री पाणी प्यायला उठलो की मी भिंतीकडे पाठ करून माठापर्यंत जायचो.

मी जळगावला नोकरी करतो. कॅमेरा घेतला 2013 मध्ये, जुना, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडून. त्यासोबत एकच लेन्स मिळाली, 50 एमएमची. तो म्हणाला, ‘साहेब, यात माणूस चांगला येतो. डोंगर पाहिजे असेल तर दुसरी घ्या.’ डोंगर मला नको होता. सातपुडा आमच्याकडे हिवाळ्यात गच्चीवरूनसुद्धा दिसतो, त्याला मी काय टिपणार.

या लेन्सची एक अडचण आहे आणि तीच तिची खुबी. लांब उभं राहून माणूस जवळ ओढता येत नाही. चेहरा हवा असेल तर उठून चार पावलं पुढे जावं लागतं, पाच-सहा फुटांवर. म्हणजे ज्या अंतरावर आपण एकमेकांना चहा देतो तिथे. तिथे उभं राहिल्यावर समोरचा विचारणारच, ‘काय रे, काय चाललंय?’ त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. पुन्हा या लेन्सचं भोक 1.8 पर्यंत उघडतं. घरातल्या अंधारात ते बरं, पण इतकं उघडलं की डोळे लख्ख येतात आणि कान धूसर. माझ्या मावशीनं पहिला फोटो बघून विचारलं होतं, ‘माझे कान कुठे गेले? एवढ्या हौसेनं बुगड्या घातल्या होत्या.’

सुरुवातीचे सहा महिने मी ज्याचा फोटो काढला त्याचा आधार कार्डाचा चेहरा झाला. आई बोलता बोलता हसत असायची. कॅमेरा डोळ्याला लावला की हनुवटी वर, ओठ बंद, खांदे ताठ. ‘थांब, साडी बदलून येते.’ साडी बदलून आली की तर विचारूच नका. अण्णांचं वेगळंच. ते फोटो म्हटला की उभे राहायचे. खुर्चीत बसा म्हटलं तरी उभे. त्यांच्या आयुष्यात फोटो म्हणजे एक तर शाळेचा दाखला, नाहीतर निवडणुकीचं कार्ड, नाहीतर गेलेला माणूस. आमच्या गावात तर हा हिशेब आणखी सरळ आहे. म्हाताऱ्या माणसाचा चांगला फोटो काढला की तो किंवा ती हमखास म्हणते, ‘हा जपून ठेव, लागेल.’ कशाला लागेल ते दोघांनाही माहीत असतं. चौकात फ्लेक्सवर लागणारे श्रद्धांजलीचे चेहरे बघा जरा. कुणाच्या गालाशी नवरीच्या मुंडावळ्यांचं टोक आलेलं असतं, कुणाच्या मागे आइस्क्रीमचा स्टॉल. लग्नातून कापून घेतलेली माणसं सगळी.

दुसरी तक्रार रंगाची. ‘काळा आला मी.’ ‘जरा गोरा कर ना भो.’ मला आधी राग यायचा. उन्हाळ्यात जिथे पारा 45 च्या पुढे जातो, त्या काळ्या मातीत राबलेल्या माणसानं गोरं कशाला दिसायचं? पण हळूहळू कळलं की तक्रारीत तथ्य होतं आणि चूक माझी होती. कॅमेऱ्याचं उजेड मोजायचं यंत्र समोरचं सगळं सरासरी राखाडी धरून चालतं. आमच्या म्हाताऱ्यांची टोपी पांढरी, सदरा पांढरा, धोतर पांढरं. एवढा पांढरेपणा बघितला की यंत्र बिचकतं, उजेड कमी करतं, आणि त्यात टोपीखालचा सावळा चेहरा पार बुडून जातो. माणूस काळा नव्हताच तेवढा, मी त्याला केला होता. आता मी यंत्राचं न ऐकता एक घर उजेड वाढवतो. टोपी थोडी फटफटीत झाली तर होऊ दे, सुरकुत्या तरी दिसतात. गोरं मात्र मी कुणाला करत नाही. त्यावरून एका चुलत मेहुण्यानं दोन वर्षं अबोला धरला होता; मग त्याच्याच मुलीनं तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला आणि अबोला परस्पर मिटला.

फोटो जमायला लागला तो आखाजीला.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण नुसतं तसं म्हटलं तर त्यात काहीच येत नाही. आमच्याकडे दिवाळीइतका, काही घरात दिवाळीहून मोठा सण. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गाणी चालतात, आणि एरवी तोंडातून ब्र न काढणारी माणसं त्या दिवशी भर ओट्यावर बसून पत्ते कुटतात. पितरांची घागर भरतात, चुलीतल्या निखाऱ्यांवर घास सोडतात. आबांचा फोटो त्या दिवशी भिंतीवरून खाली येतो, ओल्या फडक्यानं पुसला जातो. हातही पुसला जातो, अर्थात.

आणि काकू मांडे करते. खापरावरचे. याला कुणी ‘मोठी पुरणपोळी’ म्हटलं की काकूचा चेहरा बघण्यासारखा होतो. आधी गहू ओलवायचे, दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचं. कणीक इतकी सैल भिजवायची की परातीत ठेवली तरी पसरत जाते, आणि मग तेलपाण्याचा हात लावून ती तार धरेपर्यंत तिंबायची. पुरण भरलेला उंडा हातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झेलत मोठा करत न्यायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. मनगटापर्यंत येतो, मग कोपरापर्यंत येतो, आता फाटणार असं वाटतं तोच काकू तो चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर सोडून देते. अलगद, बाळाला पाळण्यात ठेवतात तसा.

आमचं जुनं घर धाब्याचं. मातीचं सपाट छत, स्वयंपाकघरात खिडकी अशी नाहीच, वर छताला एक साणं. सकाळी दहाच्या सुमाराला त्यातून उन्हाचा एक खांब खाली उतरतो, चुलीचा धूर त्यात घुसतो आणि तो खांब दिसायला लागतो. काकू नेमकी त्याच्या कडेला बसते. मी पहिल्यांदा शटर 1/500 ला ठेवून मांडा हवेत गोठवला. फोटो स्वच्छ आला आणि अगदी मेलेला. जणू काकू टॉवेल वाळत घालतेय. मग 1/60 वर आणला. हात पुसट झाले, मांडा नुसता पांढरट ढग झाला, आणि मधोमध काकूचा चेहरा स्थिर. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर, कपाळावर पिठाचा डाग, डोळे मांड्यावर. तिला पदर सावरायला हात मोकळा नव्हता, हनुवटी वर करायला वेळ नव्हता, आणि माझी तर फिकीरच नव्हती. एवढंच म्हणाली, ‘सरक रे, उजेड अडवू नको.’

तिला फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल.

‘कडेला फाटला बघ,’ म्हणाली.

त्या फोटोच्या डाव्या कोपऱ्यात आईचा हात आहे, पुरणाचं ताट पुढे सरकवताना. आधी मी तो कापला होता. काकू एकटी उठून दिसावी म्हणून. कापल्यावर का कोण जाणे, काकू एकटी बसलीय असं वाटायला लागलं. आखाजीच्या दिवशी, चौदा माणसांच्या घरात. हात परत आणला. तेव्हापासून कडेनं आलेले हात मी कापत नाही. फोटोच्या स्पर्धेला पाठवले तर परीक्षक याला नक्की दोष म्हणतील. म्हणोत.

जेवणाबद्दल काय सांगू. मांडा, त्यावर आमरस, सोबत रशी (कटाची आमटी म्हणा, पण आमची तिखट असते आणि वाटीला तोंड लावूनच प्यायची असते), कुरडया, भजी. आखाजीच्या जेवणानंतर कुणाचेही फोटो काढू नयेत. सगळ्यांचे डोळे अर्धे मिटलेले येतात.

घरच्या माणसांपेक्षा मित्रांचे फोटो काढणं अवघड. ते गंभीर होत नाहीत. आम्ही चौघं शाळेपासूनचे. एक आता रावेरला केळीत आहे, एक सुरतेत, एक शिरपूरला मास्तरकी करतो आणि मी. म्हणून आम्ही एकमेकांना गावांच्या नावानंच हाक मारतो. भाऊबीज झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एरंडोल आणि पारोळ्याच्या मधल्या एका ढाब्यावर जमायचं. मेनू बघायची गरज नसते. शेवभाजी, भाकरी, कच्चा कांदा, लिंबू.

शेवभाजीवर माझी मतं ठाम आहेत. शेव जाड आणि तिखट पाहिजे, आणि ती रश्श्यात उकळायची नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळा खदखदू द्यायचा, शेव ताटात येताना वरून. आधीच टाकून ठेवली की तिचा लगदा होतो आणि मग त्याला शहरातल्या हॉटेलात काहीही नाव देतात. शिरपूरवाल्याचं म्हणणं उलट आहे, पाच मिनिटं मुरली पाहिजे म्हणतो. वीस वर्षं हा वाद चालू आहे.

दर वर्षी मी तिथे तिघांचा एकेक चेहरा काढतो, त्याच बाकावर, त्याच पिवळ्या भिंतीसमोर. जेवणाआधी काढले तर दात काढतात, नंतर काढले तर सुस्तावलेले. बऱ्याच वर्षांनी वेळ सापडली: तिसरा-चौथा घास. तर्री चढलेली असते, नाक वाहायला लागतं, कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी. त्या क्षणी माणसाला स्वतःचा चेहरा सांभाळता येत नाही. सुरतवाल्याचा 2018 चा फोटो बघणाऱ्याला वाटतं, हा कुणाला तरी आठवून रडतोय. तो हिरव्या मिरचीवर रडत होता. त्या वर्षी त्याचं दुकान बंद पडलं होतं, हे खरं, पण ते त्यानं आम्हाला सांगितलं ते बिल आल्यावर, ‘या वेळी तुम्ही द्या’ म्हणताना. तेव्हापासून तो फोटो बघताना मिरची किती आणि दुकान किती, ते मला ठरवता येत नाही. 2020 चे फोटो नाहीत. त्या वर्षी बाकावर कुणीच बसलं नव्हतं.

एकदा रावेरवाल्यानं आम्हाला बळंच चाळीसगावला नेलं. ‘तू एवढे फोटो काढतो आणि केकी मूसांचं घर बघितलं नाही?’ नव्हतं बघितलं. घरापासून दोन तासांवरचं बघायचं राहून जातं. स्टेशनाजवळच मूसांचा बंगला आहे, आता कलादालन. हा पारशी माणूस 1912 साली जन्मला आणि 1989 साली गेला, आणि मधली कित्येक दशकं त्यानं त्या घराबाहेर जवळजवळ पाऊल टाकलं नाही. टेबलाच्या पृष्ठभागावर घरातल्याच साध्यासुध्या वस्तू मांडून त्यानं आख्खी दृश्यं उभी केली, आणि त्या ‘टेबलटॉप’ फोटोंनी देशोदेशीची बक्षिसं मिळवली. समोर उभं राहिलं तर बर्फ पडलेला वाटतो; खरं म्हणजे तो चाळीसगावातला उन्हाळा असणार.

गावात त्यांची एक गोष्ट सांगतात. मुंबईची एक मुलगी ‘पंजाब मेलनं येईन’ म्हणाली होती. मग रोज रात्री ती गाडी यायच्या वेळेला मूस दिवे लावत, दारं-खिडक्या उघडत, जेवणाचं टेबल मांडत. दोघांचं. गाडी निघून गेली की दारं बंद. गोष्ट किती खरी ते गाव जाणे, पण एक योगायोग मला नंतर कळला. पंजाब मेल पहिल्यांदा धावली तीही 1912 सालीच. परत येताना फलाटावर सुरतवाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘रोज दोन माणसांचं जेवण मांडायचा, मग दुसरं कोण खायचं?’ आम्ही हसलो. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता.

(याच मार्गावर पुढे भुसावळला रॉबर्ट गिलची कबर आहे. कंपनी सरकारनं 1844 साली त्याला अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला पाठवलं. वर्षानुवर्षं लेण्यांच्या अंधारात बसून त्यानं तैलरंगात नकला केल्या, आणि त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. उतारवयात तो फोटोग्राफर झाला होता. 1879 साली गेला. भुसावळला गाडी अर्धा तास उभी राहिली की मला हटकून त्याची आठवण येते, आणि मग मी घरी जाऊन फोटोंची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर टाकतो. त्याच्यामुळे मला लागलेली ही एक चांगली सवय.)

आता भरीत.

2019 च्या मार्गशीर्षात, चंपाषष्ठी होऊन आठवडा झाला असेल, मळ्यात भरताचा बेत ठरला. भरीत घरच्या गॅसवर होत नाही असं नाही, पण ते मग नुसतं कालवण. खरं भरीत शेतात, थंडीत, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर. वांगी असोदा-बामणोदकडची. असोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर. लोक तिथे कवितेसाठी जातात, आम्ही वांग्यांसाठी. हिरवी, पांढरट रेघांची, हातभर लांब, बी अगदी कमी. या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अण्णा पेपर वाचून म्हणाले होते, ‘आत्ता कळलं होय त्यांना?’

जाळ पेटला. पऱ्हाट्या फडफडून जळतात, ज्वाळा पुरुषभर उठते आणि पाच मिनिटांत बसते. अशा उजेडात चेहरे काढायचा मोह होतो, पण खालून येणारा उजेड फसवा. नाकाची सावली कपाळावर जाते, सज्जन माणूसही भुताच्या सिनेमातला दिसतो. मी वाट बघत बसलो. ज्वाळा बसली, धूर कापसासारखा पसरला, सूर्य केळीच्या बागेवर टेकला. तो धूर आणि ते तिरपं ऊन एकत्र आलं की पैसे देऊनही मिळणार नाही असा मऊ उजेड तयार होतो. दहा मिनिटं टिकतो. त्या दहा मिनिटांत वांगी सोलायची कामं चालू असतात, सगळे उकिडवे बसलेले, बोटं भाजतात म्हणून फुंकर घालत. भाजलेल्या मिरच्या, लसूण आणि सोललेली वांगी लाकडी बडगीत ठेचायची, मग तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. सोबत कळण्याच्या भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र, मीठ घालून दळलेला. केळीच्या पानावर वाढायचं.

त्या दिवशी आबांच्या वेळची दोन माणसं आली होती. मास्तर आणि नाना. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, नाना एसटीवर ड्रायव्हर होते. दोघंही तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात. मी दोघांचे फोटो काढले, मग बोलता बोलता मोबाइलवर आबांचा फोटो काढून दाखवला. तो हात मी फार वर्षं कुणाला विचारला नव्हता. का ते माहीत नाही. कदाचित उत्तर अगदीच साधं निघेल याची धास्ती असेल.

नानांनी मोबाइल हातभर लांब धरला, मग जवळ घेतला.

‘हाऊ हात मन्हा शे,’ म्हणाले. अगदी शांतपणे, हरवलेली छत्री सापडावी तसं.

मास्तरांनी मोबाइल ओढून घेतला. चष्मा वर केला. ‘तुझा कसा? हा माझा आहे.’

‘तुन्हा?’

‘बोटावर पांढरं बघ. खडू आहे तो. मी शाळेतून सरळ लग्नाला आलो होतो.’

मी ते बोट मोठं करून बघितलं. पांढरा ठिपका होता खरा. माझ्या मते ती कागदाला लागलेली बुरशी आहे, पण मी गप्प बसलो.

‘उन्हाळ्यात लगन व्हतं,’ नाना म्हणाले, ‘शाळा कथी व्हती तुन्ही? खडू म्हणे!’

‘परीक्षेचं काम होतं.’ मास्तर आता तापले, आणि तापले की त्यांची पुस्तकी मराठी सुटून अहिराणी बाहेर येते. ‘अन् तू तं त्या दिन गाडीवर व्हता. धुळा-सुरत.’

‘रजा टाकेल व्हती मी!’

मग दोघंही उठले. नानांनी मला आबा केलं, माझ्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि खांद्यावर हात ठेवून दाखवला. जड, उबदार, स्टीयरिंग धरून धरून जाडावलेला पंजा. ‘देख, अस्सा.’ मास्तरांनी तो हात बाजूला केला आणि आपला ठेवला. हलका, लांब बोटांचा. ‘असा नाही, असा.’ दोघांच्या हातांना वांग्याची काजळी. मी टोपी घातली नव्हती म्हणून नानांनी स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, जरा उजवीकडे कलवली आणि मागे सरून बघितली. माझ्या मुलीनं, तेव्हा आठ वर्षांची होती, माझा कॅमेरा उचलून या सगळ्याचा एक फोटो काढला. हललेला आहे. मी दिसतोय छातीपर्यंतच, आणि दोन्ही खांद्यांवर मिळून तीन हात आहेत.

‘जेवाले बठा,’ तिकडून काकू ओरडली, ‘भरीत थंडं व्हई ऱ्हायनं.’

जेवतानाही वाद मिटला नाही. नाना म्हणाले मास्तरचा स्वभावच असा, दुसऱ्याचं ते आपलं म्हणायचा. मास्तर म्हणाले, चल, तुझा तर तुझा, पण मग माझा हात कुठे होता ते सांग. नाना घास हातात धरून खरंच विचार करत राहिले. मग त्यांनी मास्तरांच्या पानावर न विचारता भरीत वाढलं.

घरी आलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. जिजी, माझी आजी, जागी होती. ती मळ्यात आली नव्हती, गुडघ्यांमुळे. तिच्यासाठी डब्यात भरीत आणलं होतं. बाजेवर बसून ती खायला लागली आणि मी कॅमेरा काढला.

‘मन्हा फोटू काब्र काढस? मी काय आते नवरी शे का?’

तिला सगळी हकीकत सांगितली. मास्तर, नाना, खडू, रजा. ती भाकरी मोडत ऐकत होती. मग मान वर करून भिंतीवरच्या आबांकडे बघितलं. इतकी वर्षं त्या लांब लागलेल्या नजरेबद्दल आम्ही काय काय ठरवलं होतं. अण्णा म्हणायचे, लेक सासरी जाणार म्हणून आबांचं मन लागत नव्हतं. मी तर एका दिवाळी अंकासाठी त्यावर कविता लिहिली होती.

‘तो हात फोटूवालाना पोऱ्याना व्हता,’ जिजी म्हणाली. ‘तुन्हा आबा सरखा उभाच ऱ्हायेत ना.’

फोटोवाल्याच्या हाताखालचा पोरगा. मांडवात पंगत बसली होती आणि बुंदी वाढायला घेतली होती. आबा सारखे मान वळवून तिकडेच बघत होते, बुंदी शेवटच्या ओळीपर्यंत पुरते की नाही म्हणून. दोनदा फोटो सोडून निघाले. शेवटी त्या पोरानं येऊन त्यांचा खांदा धरून ठेवला.

‘मग पुरली का बुंदी?’ मी विचारलं.

जिजीनं पानावरचं उरलेलं भरीत भाकरीनं पुसून घेतलं. ‘पुरनी. आम्हन्हा ताटमा नही उनी,’ म्हणाली, आणि लाइट बंद करायला सांगितला.